कोटा कुणाचा, मेरिट कुणाचं?

अंक दोन महिने उशिरा येतोय. छापखान्याचं मागचं बिल थकलं होतं. छापखान्याचा मालक भला माणूस, पण कागदवाला भला नाही. शेवटी एकाने ओव्हरटाइम मारला, एकीने स्कॉलरशिपचे पैसे काढून दिले (ती स्कॉलरशिपसुद्धा वर्ष सरल्यावर आलेली), आणि तुमच्या हातात हा अंक पडला. माफी मागत नाही. आपल्या अंकाला उशीर होणं ही आपल्या खिशाची बातमी आहे, ती तुम्हाला ठाऊक असावी.

उशिराचा एक फायदा झाला. आधी लिहिलेलं संपादकीय मी फाडून टाकलं. मधल्या काळात कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एक प्रसंग घडला, तो डोक्यातून जाईना.

आम्ही चौघं चहा पीत होतो. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा, वर्गातलाच, वाईट नाही, परीक्षेत नोट्स देणारा, गप्पांच्या ओघात म्हणाला, "राग येऊ देऊ नका, पण ज्यू लोकांकडे बघा. दोन हजार वर्षं मार खाल्ला. हिटलरने साठ लाख माणसं मारली. त्यांनी कुठं रिझर्वेशन मागितलं? शिकले, मेहनत केली, नोबेल घेतली. तुम्ही अजून कोटा कोटा करत बसलाय."

आम्ही चौघंही गप्प. एकाने उगाच चमचा हलवला. मी बिल दिलं आणि बाहेर आलो. मोर्चात बेंबीच्या देठापासून ओरडणारे आम्ही, एका वाक्यापुढे आमची दातखीळ बसली. मला त्या पोराचा राग आला नाही. माझ्या अडाणीपणाचा आला. आपल्याला आपला इतिहास थोडाफार पाठ असतो, दुसऱ्याचा अजिबात नसतो. आणि समोरचा नेमका दुसऱ्याचा इतिहास आपल्या टाळक्यात हाणतो, कारण आपण तो तपासणार नाही याची त्याला खात्री असते.

म्हणून तपासला. महिनाभर लायब्ररीत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

* * *

आधी 'कोटा' या शब्दाचंच बघू. हा शब्द मला पहिल्यांदा भेटला अॅडमिशनच्या रांगेत. खिडकीतल्या क्लार्कने माझा फॉर्म हातात धरला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "कोट्यातला ना तू? मग त्या बाजूला उभा राहा." मी बाजूला झालो. मागची पोरं पुढे सरकली. कॉलेजचं नाव सांगत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाला ते आपलंच कॉलेज वाटेल.

आता ऐका. जगातल्या युनिव्हर्सिट्यांच्या इतिहासात कोटा हा शब्द ज्यूंच्याच मानगुटीवर बसवलेला होता. त्यांना आत घेण्यासाठी नव्हे. बाहेर ठेवण्यासाठी.

झारच्या रशियात १८८७ साली फर्मान निघालं. ज्या पट्ट्यात ज्यूंना राहायची परवानगी होती तिथल्या शाळा-विद्यापीठांत ज्यू पोरं दहा टक्क्यांच्या वर नकोत, बाहेर पाच टक्क्यांच्या वर नकोत, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये तीन टक्क्यांच्या वर नकोत. १९२० साली हंगेरीने कायदा केला. त्या कायद्याच्या कलमांत 'ज्यू' हा शब्दच नव्हता! देशातल्या प्रत्येक 'वंशाला' लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, एवढंच लिहिलं होतं. किती न्यायाची भाषा! पण मार नेमका कुणाला बसणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्यू लोकसंख्येत सहा टक्क्यांच्या आसपास, कॉलेजांत त्याच्या कितीतरी पट. त्यांच्यासाठी दार आपटून बंद झालं. बुडापेस्टची हुशार पोरं परदेशी पळाली. नोबेलची यादी वाचणाऱ्याने हेही वाचावं की त्यातली कितीतरी माणसं आपल्या देशाने हाकलून दिल्यावर दुसऱ्या देशात मोठी झाली.

आणि पोलंड. इथे मी पुस्तक मिटवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. डिसेंबर १९३५ मध्ये लव्हूवच्या पॉलिटेक्निकमध्ये ज्यू विद्यार्थ्यांसाठी वर्गात वेगळी बाकं ठरवली गेली. १९३७ साली सरकारने तशी मुभाच देऊन टाकली आणि ठिकठिकाणच्या कुलगुरूंनी ती अंमलात आणली. 'घेट्टो बाकं' म्हणत त्यांना. वर्गाच्या डाव्या बाजूला तुमची जागा. विद्यार्थ्याच्या कार्डावर तसा शिक्का. बसला नाहीत तर राष्ट्रवादी पोरांची टोळी काठ्यांना दाढीची पाती बांधून तयार.

गोणपाट आठवलं का? साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसणारा पोरगा आठवला का? मला आठवला. जात वेगळी, धर्म वेगळा, खंड वेगळा. पण सत्तेच्या डोक्यात एक सुतार बसलेला असतो आणि तो सगळीकडे एकाच मापाचं बाक बनवतो.

त्या पोलिश ज्यू पोरांनी काय केलं माहीत आहे? ती बसलीच नाहीत. सबंध तास उभी राहिली. पाय दुखले तरी उभं राहून नोट्स घेतल्या. काही मूठभर प्राध्यापकही त्यांच्यासोबत उभे राहून शिकवायचे. लव्हूव विद्यापीठाचे कुलगुरू कुलचिन्स्की यांनी बाकांच्या हुकमावर सही करण्यापेक्षा जानेवारी १९३८ मध्ये राजीनामा दिला. एक माणूस. पण एक तरी. आपल्याकडे किती कुलगुरूंनी कुठल्या पोरासाठी खुर्ची सोडली, यावर निबंध लिहायचा झाला तर कोरा कागद पुरेल.

जर्मनीचं तर बोलूच नका. एप्रिल १९३३ मध्ये नोकरशाहीच्या 'शुद्धीकरणाचा' कायदा झाला आणि ज्यू प्राध्यापक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात 'गर्दी कमी करण्यासाठी' कायदा झाला : नव्या प्रवेशांत ज्यू दीड टक्क्याच्या वर नकोत. १० मे १९३३ ला बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली, ती कुणी पेटवली? अडाणी गुंडांनी? नाही दोस्तांनो. विद्यार्थी संघटनेने. प्राध्यापक बघायला होते. आणि १९४२ च्या जानेवारीत वानझे इथे ज्या टेबलावर ज्यूंच्या कत्तलीचा कारभार कसा चालवायचा हे ठरलं, त्या टेबलाभोवती पंधरा माणसं होती आणि त्यांतली निम्म्याहून जास्त डॉक्टरेट मिळवलेली होती.

'शिका' हा शब्द आपण भिंतीवर लिहितो. पण नुसतं शिकलेला माणूस हा माणूस होतोच असं नाही. युनिव्हर्सिटी नागरिक घडवते तशी मारेकऱ्याचा हिशेब ठेवणारा कारकूनही घडवते. कुणाला आत घेते आणि आत घेतल्यावर शेजारी कुणाला बसवते, त्यावर ते ठरतं.

* * *

आता अमेरिका, कारण तो कॅन्टीनमधला पोरगा मनात अमेरिकाच धरून बोलत होता.

हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास शंभरात सात ज्यू होते. १९२२ पर्यंत एकवीसच्या वर गेले. कशावर गेले? परीक्षेच्या मार्कांवर. मेरिटवर! मग हार्वर्डचा अध्यक्ष लॉवेल घाबरला. म्हणाला, पंधरा टक्क्यांची मर्यादा घाला. कारण काय दिलं? ज्यू वाढले तर त्यांच्याविषयीचा द्वेष वाढेल, तेव्हा हे त्यांच्याच भल्यासाठी. 'तुमच्याच भल्यासाठी' हे वाक्य ओळखीचं वाटतं की नाही? हाच लॉवेल त्याच सुमारास काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात राहू देत नव्हता. एकाच हाताने दोन दारं बंद होत होती, हे लक्षात ठेवा. पुढे याची गरज लागेल.

उघड मर्यादा घालायला प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये नकार दिला. मग लॉवेलच्या माणसांनी डोकं चालवलं. १९२६ पासून नुसते मार्क नकोत, 'चारित्र्य' बघू, 'व्यक्तिमत्त्व' बघू. फॉर्मला फोटो लावा. बापाचं नाव पूर्वी काही वेगळं होतं का ते लिहा. दूरच्या गावांतल्या गोऱ्या ख्रिस्ती पोरांना प्राधान्य. त्याच काळात अमेरिकेतल्या या बड्या कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. म्हणजे जोपर्यंत मेरिट त्यांच्या पोरांकडे होतं तोपर्यंत मेरिट पवित्र. ज्या दिवशी शिंप्याचा आणि फेरीवाल्याचा पोरगा पेपरात पुढे गेला, त्या दिवशी मेरिटची व्याख्याच बदलली! इंटरव्ह्यूचे मार्क कुठून आले, हे ज्याने तोंडी परीक्षेत मार खाल्लाय त्याने आता समजून घ्यावं.

आणि कोलंबिया. आपल्या सगळ्यांची कोलंबिया. बाबासाहेब तिथे जुलै १९१३ मध्ये गेले. त्यांचे गुरू प्रोफेसर सेलिग्मन हे ज्यू घराण्यातले. पुढे १९२५ मध्ये बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मनांची. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातीवरचा आपला निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, तेही कीव्हमध्ये जन्मलेले ज्यू. आपल्या चळवळीचा तो पहिला शास्त्रीय कागद एका ज्यू मास्तराच्या वर्गात वाचला गेला, ही गोष्ट आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

पण बाबासाहेब तिथून निघाले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच कोलंबियाने फॉर्म बदलले. फोटो, धर्म, बापाचं जन्मगाव, आईचं माहेरचं आडनाव. (आपल्याकडे आडनाव विचारून जात काढतात, तिकडे आईचं माहेर विचारून ज्यू काढत.) ज्यू पोरांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. १९२८ मध्ये ब्रुकलिनला सेथ लो ज्युनियर कॉलेज नावाची एक शाखा काढली. नको असलेली हुशार पोरं तिकडे ढकलायची. पुढे विज्ञानकथांचा बादशहा झालेला आयझॅक असिमोव्ह तिथलाच.

म्हणजे त्या पोराला पहिलं उत्तर हे : बाबा रे, ज्यूंना रिझर्वेशन नव्हतं हे खरं. त्यांच्याविरुद्ध रिझर्वेशन होतं. कोटा म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं छप्पर. इतकेच वर याल, याहून जास्त नाही. आपला कोटा म्हणजे पायाखालची फरशी. इतके तरी आत येतील, याहून कमी नाही. एकाच शब्दाने छप्पर आणि फरशी दोन्ही म्हणायचं आणि मग दोन्ही सारखंच म्हणायचं, याला एकतर अडाणीपणा लागतो किंवा लबाडी.

* * *

दुसरं उत्तर. मग ही माणसं पुढे गेली कशी? निव्वळ अकलेवर?

न्यूयॉर्कमध्ये एक कॉलेज होतं, अजून आहे. सिटी कॉलेज. १८४७ साली शहरातल्या लोकांनी मतदान करून ते काढायचं ठरवलं. गरिबांच्या पोरांसाठी. फी? शून्य. एक-दोन वर्षं नव्हे, १९७६ पर्यंत. एकशे एकोणतीस वर्षं! रशियातून, पोलंडमधून जीव मुठीत घेऊन पळालेल्या ज्यूंची पोरं तिथे गेली. १९३० च्या दशकात वर्गातली बहुसंख्य पोरं ज्यू होती. बाप कपड्याच्या कारखान्यात, आई घरात बटणं लावतेय, आणि पोरगा सबवेने कॉलेजला. जेवणाच्या हॉलमध्ये कोनाडे होते. एका कोनाड्यात स्टालिनवाले, दुसऱ्यात स्टालिनच्या विरोधातले डावे. दिवसभर भांडण. नागरिक असे घडतात. डबा उघडा ठेवून वाद घालताना. पोलिओची पहिली यशस्वी लस शोधणारा जोनास साल्क हा तिथलाच, १९३४ चा पदवीधर.

म्हणजे मेहनत होती, कुणी नाकारत नाही. पण मेहनतीच्या समोर एक फुकटचं दार होतं आणि ते शहराच्या पैशाने उघडं ठेवलेलं होतं. बाबासाहेबांच्या विद्वत्तेलाही सयाजीरावांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती लागली. मेरिटच्या प्रत्येक गोष्टीत कुठेतरी कुणीतरी दार उघडलेलं असतं. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दार उघडंच होतं, त्यांना ते दिसत नाही. वारा आपोआप येतो असं त्यांना वाटतं.

आणि जिथे दार उघडलं नाही तिथे त्यांनी स्वतःचं घर बांधलं. बड्या युनिव्हर्सिट्यांच्या कोट्यांना कंटाळून अमेरिकेतल्या ज्यूंनी १९४८ मध्ये ब्रँडाइस युनिव्हर्सिटी काढली, आणि पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं होतं. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. तेही सगळ्यांसाठी उघडं. आपण आज जी भाषा लिहितो ती त्या आवारांतून आली.

ब्रँडाइसची एक गोष्ट अजून. डिसेंबर २०१९ मध्ये या युनिव्हर्सिटीने आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतली पहिली. का घालावा लागला? कारण आपले इथले लोक विमानात बसताना जात लगेजमध्ये टाकून नेतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांनी २०२२ मध्ये तेच केलं, तेव्हा बोंब कुणी ठोकली? आपल्याच देशातून गेलेल्या प्राध्यापकांनी! ज्यांनी घेट्टो बाकाची आठवण जपली त्यांना जात समजली. ज्यांच्या घरात जात जन्मली त्यांना ती 'दिसलीच' नाही.

* * *

आता तिसरी गोष्ट. ही त्या पोराला सांगायची नाही. ही आपल्यासाठी आहे, आणि ती कडू आहे.

सिटी कॉलेज हार्लेमच्या टेकडीवर. भोवती काळ्यांची वस्ती. आत काळी पोरं मूठभर. एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॅम्पसचा दक्षिण भाग ताब्यात घेतला, दारं लावून घेतली आणि मागणी केली : आम्हाला आत घ्या. १९७० मध्ये शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पास पोराला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा, असं धोरण आलं. तेव्हा "दर्जा घसरला, मेरिट बुडालं" म्हणून गळा काढणाऱ्यांत कोण होते? त्याच कॉलेजात फुकट शिकून मोठे झालेले काही ज्यू प्राध्यापक आणि माजी विद्यार्थीही होते. सगळे नव्हेत. पण होते. आणि ते सगळे ढोंगी होते असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या अंगावर कोट्याचे वळ होते. कोटा म्हटलं की त्यांना लॉवेल आठवायचा. १९७७ मध्ये बाकी नावाच्या एका गोऱ्या विद्यार्थ्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा मोठमोठ्या ज्यू संघटना काळ्यांसाठी आणि इतर अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या जागांच्या विरोधात उभ्या राहिल्या, त्या या आठवणीमुळेच. जखम खरी होती. पण जखमेने त्यांना छप्पर आणि फरशी यातला फरक विसरायला लावला.

आणि १९७६ मध्ये, शहर दिवाळखोरीत आल्याचं निमित्त होऊन, सिटी कॉलेजमध्ये फी आली. एकशे एकोणतीस वर्षं फुकट. काळी पोरं आत आली आणि सहा वर्षांत फी! पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश बघायला बंदी घातली. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांचं झुकतं माप मात्र त्या निकालाने तसंच राहू दिलं.

पण दुसरे ज्यूही होते, त्यांची नावं पाठ करा. एर्न्स्ट बोरिन्स्की. हिटलरच्या जर्मनीतून पळालेला. अमेरिकेत त्याच्यासारख्या कितीतरी निर्वासित प्राध्यापकांना गोऱ्यांच्या बड्या विद्यापीठांत जागा मिळेना, तेव्हा काळ्यांच्या गरीब कॉलेजांनी त्यांना घेतलं. बोरिन्स्की १९४७ मध्ये मिसिसिपीच्या टूगालू कॉलेजात गेला आणि १९८३ मध्ये मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला. त्याची कबरही कॉलेजच्या आवारात. त्याची एक युक्ती होती. चर्चेला गोरी माणसं बोलवायची, आणि आपल्या काळ्या पोरांना आधीच येऊन एक सोडून एक खुर्चीवर बसायला सांगायचं. मग गोऱ्या पाहुण्याला काळ्याच्या शेजारी बसण्यावाचून इलाजच नाही! बाकावरून हाकललेल्या माणसाने खुर्च्यांची मांडणीच बदलून टाकली. १९६१ मध्ये याच कॉलेजची नऊ पोरं जॅक्सन शहराच्या गोऱ्यांच्या लायब्ररीत जाऊन नुसती वाचत बसली आणि पोलिसांनी त्यांना उचललं. चवदार तळं काय फक्त महाडला असतं? जिथे बंदी तिथे चवदार तळं.

आणि अँड्र्यू गुडमन. वय वीस. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचा, तेही शहराच्या पैशावर चालणारं. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्यांची मतदारनोंदणी करायला मिसिसिपीला गेला. २१ जूनच्या रात्री तो, मायकेल श्वेर्नर हा दुसरा ज्यू आणि जेम्स चेनी हा तिथलाच काळा तरुण, तिघांना क्लॅनवाल्यांनी गोळ्या घालून मातीत गाडलं. कॉलेज म्हणजे काय, याचं उत्तर एका वीस वर्षांच्या पोराने असं दिलं.

एक समाज, एक जखम, आणि त्यातून निघालेले दोन रस्ते. एक म्हणतो, मी कसाबसा आत आलो, आता दार लावा. दुसरा म्हणतो, मला दार लावलेलं होतं, म्हणून आता कुणालाही लावू देणार नाही.

हे भांडण आजही चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये कोलंबियाच्या हिरवळीवर गाझासाठी तंबू पडले, तेव्हा त्या तंबूंत ज्यू पोरंही होती, त्यांनी आपला वल्हांडणाचा सण तिथेच केला. आणि त्याच कॅम्पसवर दुसरी ज्यू पोरं होती, ज्यांना शिवीगाळ झाली, भीती वाटली. दोन्ही खरं आहे. ज्यूला ज्यू म्हणून शिवी देणाऱ्याला आपण जातीवरून शिवी देणाऱ्याइतकंच नीच मानलं पाहिजे. आणि मेलेल्या लेकरांसाठी ओरडणाऱ्याला द्वेष्टा ठरवून कॅम्पसवर पोलीस घालणाऱ्याला विचारलं पाहिजे : ज्यूंची तुला एवढी काळजी होती, तर आईचं माहेर विचारणारे ते फॉर्म छापले जात होते तेव्हा तुझे वाडवडील कुठे होते?

ज्यू म्हणजे कुणी लांबचे परके, असंही समजू नका. अलिबाग-पेणच्या गावांत घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' आपल्याच मातीतले बेने इस्राएल. मराठी बोलणारे. शाळा-कॉलेजांनी त्यांना घाण्यावरून दवाखान्यात आणि कचेरीत आणलं, डॉ. जेरुशा झिराड त्यांच्यातल्याच. पण त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, कारण जात पाण्यासारखी सगळीकडे मुरते. आणि हेच लोक इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची पिढी तपासायचं फर्मान काढलं. १९६४ मध्ये त्यांना रस्त्यावर बसून आपण पूर्ण ज्यू असल्याचं मान्य करून घ्यावं लागलं. पीडिताच्या घरातही पायऱ्या असतात.

* * *

आता आपल्या घरात या.

१ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला मुभा दिली. त्यानंतर आपल्या कट्ट्यावर, आपल्याच मीटिंगमध्ये मी काय ऐकलं? "त्यांनी आधी शिकावं, मग मागावं." "त्यांना कुणी अडवलंय?" "आम्ही लढलो, हे आयतं खायला येतात." मातंग पोराबद्दल, वाल्मिकी पोरीबद्दल, आपल्याच तोंडून! दोस्तांनो, हे वाक्य कुठलं? हे त्या कॅन्टीनमधल्या पोराचं वाक्य. फक्त टेबल बदललं.

उपवर्गीकरण बरोबर की चूक, यावर भांडा. सरकारचा डाव ओळखा, आकडे मागा, खाजगीकरणात जागाच उरल्या नाहीत तर वाटणार काय ते विचारा. मीही भांडणार आहे. पण ज्या दिवशी आपण 'मेरिट' हा शब्द आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरच्या माणसाला फेकून मारू, त्या दिवशी आपण लॉवेलच्या रांगेत उभे. नामांतरासाठी पोचीराम कांबळे मेला तो या रांगेसाठी नव्हे. गौतम वाघमारेने १९९३ मध्ये नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं ते आपल्या पोरांनी दार लावून घ्यावं म्हणून नव्हे. २७ जुलै १९७८ चा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, मध्ये साडेपंधरा वर्षं. एका पाटीसाठी एवढं रक्त! त्या पाटीखालून आत जाताना शेजारी कोण नाही, हे बघायला नको?

म्हणून या महिन्यापासून एकच काम. दर रविवारी दुपारी वस्तीच्या समाजमंदिरात टेबल टाकायचं. अॅडमिशनचे, स्कॉलरशिपचे, हॉस्टेलचे फॉर्म भरून द्यायचे. जात विचारायची ती फक्त फॉर्मच्या रकान्यापुरती. आणि बोरिन्स्कीची युक्ती वापरायची : आपण आधी जाऊन एक सोडून एक खुर्चीवर बसायचं. मधली खुर्ची, जो आजवर या मीटिंगला आलाच नाही, त्याच्यासाठी. ती रिकामी राहिली तर त्याला आणायला त्याच्या गल्लीत जायचं.

आणि कॅन्टीनमधल्या त्या पोराला हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. फुकट नाही. पैसे घेणार. छापखान्याचं बिल पुन्हा थकलंय.

जय भीम!